माफी मंजूर

रजिस्टर पत्र आलं तेव्हा मी शाळेत होतो. सही करून घेतलं ते विमलनं, माझ्या बायकोनं, आणि मी घरी येईपर्यंत तिला धीर धरवला नाही. मी दारात पायताण काढतोय तोच तिनं विचारलं, "काय करून बसलात तुम्ही?"

"काय झालं?"

"तुमची जबानी घ्यायला येताहेत. हैदराबादहून."

पत्र आमच्या जुन्या विद्यापीठाचं होतं. विद्यापीठाचा इतिहास लिहिला जात असून, जुने कागद आणि जुने विद्यार्थी या दोहोंचा शोध सुरू आहे, सबब सन १९३८च्या प्रकरणी आपली जबानी नोंदविण्यास आमच्या प्रतिनिधी येत आहेत, असं त्यात होतं. लिहिणारा पक्का हैदराबादी. त्याच्या लेखी जबानी म्हणजे साधी तोंडी हकिकत. आमच्याकडं जबानी फौजदार घेतो. हा फरक मला कळत होता, विमलला कळत नव्हता, आणि पोस्टमनला तर कळून घ्यायचाच नव्हता. तुळजापुरात बातमीला पायऱ्या चढायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "गोपाळकृष्णराव, काही लागलं तर सांगा. वकील माझ्या ओळखीचा आहे."

मी त्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि वकिलाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

खरं सांगायचं तर मनात पाल माझ्याही चुकचुकली होती. मी मुळातच संशयी माणूस. फळ्याकडं तोंड असलं तरी मागं कोण कुजबुजतंय ते मला कळतं, आणि दूधवाला उगाच हसला की मी दुधात बोट बुडवून बघतो. पंचवीस वर्षं ज्या विद्यापीठानं विचारलं नाही, त्याला १९६३ साली माझी आठवण का यावी? कोणी करून दिली?

ते प्रकरण आमच्या गावात पोराटोरांना पाठ आहे. कारण दर पंधरा ऑगस्टला ते मीच सांगतो. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मॅट्रिक झालो आणि हैदराबादला गेलो. तिथं गणितापासून इतिहासापर्यंत सगळं शिक्षण उर्दूत. वसतिगृहात माझ्या खोलीत उमरग्याचा शरणबसप्पा होता. त्याचे वडील माणिकप्पा कापडाचे व्यापारी, घरात बोलणं कानडी, बाहेर मराठी. दोन वर्षं आम्ही एका कंदिलाखाली अभ्यास केला. मला न कळणारं गणित तो समजावून सांगायचा आणि त्याची उर्दू मी सुधारून द्यायचो. अडतीसच्या हिवाळ्यात हुकूम निघाला की वसतिगृहाच्या प्रार्थनेत अमुक एक गाणं म्हणायचं नाही. आम्ही म्हटलं. शरणबसप्पाही म्हणाला, माझ्या शेजारी उभं राहून, बेसूर. आमची नावं विद्यापीठाच्या पटावरून कमी झाली. मग दुसरा हुकूम आला की जो लेखी माफी मागेल त्याला परत घेऊ.

आम्ही खोलीतली मुलं एका मित्राच्या घरी उतरलो होतो. कोणी माफी मागायची नाही अशी शपथ झाली होती. ट्रंक आणायला मी शेवटचा वसतिगृहावर गेलो, तेव्हा ऑफिसच्या बोर्डावर मला ते नाव दिसलं. शरणबसप्पा वल्द माणिकप्पा, साकिन उमरगा. आणि त्याच्यापुढं दोन शब्द, माफी मंजूर.

मी त्याला शोधलं नाही. विचारलं नाही. ट्रंक उचलली आणि तसाच स्टेशनवर गेलो. नागपूरला राहून, उपाशीतापाशी शिकून बी.ए. झालो. त्यानं लिहिलेली तीन पत्रं मी न फोडता परत पाठवली. चौथं आलं नाही. पुढं कळलं की तो पदवी न घेताच उमरग्याला परतला आणि बापाच्या दुकानात बसला. माफी मागून गेला आणि तिथंही टिकला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. राज्य विलीन झालं, मी मास्तर झालो, आणि माझ्या भाषणात दरवर्षी तो येत राहिला. नाव मी कधी घेतलं नाही. "आमच्याच खोलीतला, उमरग्याचा एक कापडवाला," एवढंच म्हणायचो. नळदुर्ग, जळकोट, वाशी, जिथं जिथं मला बोलावलं तिथं लोक त्या जागी "शरम, शरम" असं ओरडायचे. मला ते आवडायचं, हे आता कबूल करतो.

ठरल्या दिवशी दुपारच्या गाडीनं बाई आल्या. चारुशीला त्यांचं नाव. तिशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात पत्र्याची ट्रंक आणि काखेत लाल कापडात बांधलेला कागदांचा बस्ता. विमलनं त्यांना पाणी दिलं आणि फौजदार असा नसतो अशी स्वतःची खात्री करून घेतली.

"प्रवासात त्रास झाला का?" मी विचारलं.

"नाही सर. दोन दिवस उमरग्यालाच मुक्काम होता. शरणबसप्पांच्या घरी. फार अगत्यानं ठेवून घेतलं त्यांनी."

झालं. मला हवं होतं ते मिळालं. हैदराबादचा रस्ता उमरग्यावरूनच येतो, मुक्काम तिथं पडणार हे उघड आहे, पण दोन दिवस? आणि अगत्यानं? आपलं नाव धुऊन काढायला शरणबसप्पानं हा घाट घातला असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. पैसेवाला माणूस. दोन दिवस बाईंना पुरणपोळी खाऊ घातली असेल. आता छापील पुस्तकात माझा शब्द खोटा पडणार आणि पुढच्या पंधरा ऑगस्टला "शरम, शरम" कोणाला म्हणायचं हा प्रश्न गावापुढं येणार.

"काय सांगितलं त्यानं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एकाची जबानी दुसऱ्याला सांगत नाही आम्ही. तसा नियम आहे सर. नाहीतर सगळे एकमेकांचंच ऐकून सांगतात."

"चांगला नियम आहे," मी म्हणालो. मला तो मुळीच चांगला वाटला नव्हता.

संध्याकाळपर्यंत आम्ही बसलो. बाई विचारायच्या, मी सांगायचो, त्या वहीत उतरवायच्या आणि प्रत्येक पानाखाली माझी सही घ्यायच्या. पेन्सिल होती ती मी ठेवायला लावली आणि शाईचा टाक आणून दिला. खानावळीतलं जेवण, मौलवीसाहेबांचे तास, हॉकीचं मैदान, प्रार्थनेची जागा, सगळं सांगितलं. बाई कामाच्या होत्या. मी एकदा मुद्दाम वर्ष चुकीचं सांगून पाहिलं, तर त्यांनी बस्त्यातला कागद काढून ते सौम्यपणे दुरुस्त केलं. मी "हो, हो, बरोबर" म्हणालो आणि जास्तच सावध झालो.

मग बोर्डाची गोष्ट आली. एरवी या ठिकाणी मी आवाज खाली आणतो आणि थांबतो. बाईंनी थांबू दिलं नाही.

"तो कागद तुम्ही स्वतः वाचला, का कोणी सांगितलं?"

"स्वतः. या डोळ्यांनी."

"पूर्ण?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, पाच वर्षांचा होतो तेव्हापासून उर्दू वाचतोय मी. त्या बोर्डावर एकावर एक कागद टाचलेले असायचे. वर हॉकीच्या सामन्याची नोटीस होती. तिच्याखाली हे नाव होतं, नावापुढं माफी मंजूर होतं. आणखी काय वाचायचं राहिलं?"

"काही नाही सर. विचारावं लागतं." त्यांनी लिहिलं: शरणबसप्पा यांनी माफी मागितली व ती मंजूर झाली, हे मी स्वतः बोर्डावर वाचले. मी सही केली. मुद्दाम ठसठशीत केली.

पण मन काही स्वस्थ बसेना. त्यांनी 'पूर्ण?' असं का विचारलं? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कोणी घातला?

सकाळी विमल बाईंना घेऊन देवीच्या दर्शनाला गेली. ट्रंकेला कुलूप होतं, पण कामाच्या दोन वह्या बस्त्याशेजारी टेबलावर होत्या. एकीवर माझं नाव, दुसरीवर उमरगा. मी आयुष्यभर मुलांना दुसऱ्याच्या वहीत डोकावल्याबद्दल छड्या मारल्या आहेत. दाराला कडी घातली आणि उमरग्याची वही उघडली.

शोधायला फार वेळ लागला नाही. पाचव्या पानावर माझंच नाव होतं. बाईंनी त्याचं बोलणं त्याच्याच भाषेत उतरवून घेतलं होतं:

'गोपाळ माझा जिवाचा दोस्त. पण माफीच्या यादीत माझं नाव त्यानं बोर्डावर वाचलं असंल, अन् त्या दिवसापासून तोंड फिरवलं. मी पत्रं घातली, ती बी वापस आली. त्याचं काय चुकलं म्हणू? मलाच लाज वाटत हुती. अर्ज केला हुता हे मी कुणालाच सांगितलं न्हवतं. त्याला तर बिलकूल न्हाई.'

मी वही मिटली आणि खुर्चीत टेकून बसलो. हसूच आलं मला. म्हणजे स्वतःच कबूल केलं होतं! अर्ज केला, लपवला, लाज वाटली. मी काल रात्रभर कूस बदलत काढली आणि इकडं हा गडी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून मोकळा झाला होता. माझा शब्द खरा ठरला होता, आणि तोही त्याच्याच सहीनं. बाईंबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं. त्या देवळातून परतल्या तेव्हा मी स्वतः उठून त्यांच्यासाठी पाट मांडला. विमल माझ्याकडं बघत राहिली.

न्याहारीनंतर चारुशीलाबाईंनी लाल बस्ता सोडला. "सर, एक मदत हवी होती. छापील उर्दू मला येते. पण कारकुनांचं हे घाईचं हाताचं अक्षर लागत नाही. आमच्याकडचे जुने मुन्शी गेल्या वर्षी वारले. तुम्ही वाचून सांगाल का? मी मराठीत लिहून घेते."

"न लागायला काय झालं! आणा."

मी खुशीत होतो. हजेरीपत्रकं वाचली, खानावळीच्या तक्रारी वाचल्या, एका मुलाची घरून तूप आणण्याची परवानगी वाचली. बाई भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी एक पिवळा पडलेला फूलस्कॅप कागद पुढं केला. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती, आणि मधोमध गंजाचा आणखी एक डाग. त्या डागाच्या खाली नावं, वर मजकूर. खालून तिसरं नाव मी अक्षर लावायच्या आधीच ओळखलं.

तोच कागद होता. अजून एकदा बघायला मिळाला म्हणून मला आनंद झाला. मी चष्मा सारखा केला आणि या वेळी वरून वाचायला लागलो. गंजाच्या डागापासून वरचा भाग मी पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलाच नव्हता, कारण त्यावर हॉकीची नोटीस टाचलेली होती.

वर लिहिलं होतं: फेहरिस्त-ए-माफी-ए-फीस. गरीब तुलबांनी माहे अमरदाद १३४७ फसलीत केलेल्या अर्जांवरून.

फीस. गरीब तुलबा, म्हणजे गरीब विद्यार्थी. फी-माफीची यादी.

मी ती ओळ पुन्हा वाचली. निजामी फसली साल लावलं. अमरदाद म्हणजे जून. गाण्याचा हुकूम निघाला हिवाळ्यात. अर्ज जूनचा. त्याचं उत्तर यायला ऑफिसनं सहा महिने लावले होते, आणि आलं तेव्हा शरणबसप्पाचं नावच विद्यापीठातून कमी झालेलं होतं. त्या माफीचा त्याला एका दिवसाचाही उपयोग झाला नव्हता. परत गेलाच नव्हता तो. गेलो होतो मी, ट्रंक घेऊन, तोंड फिरवून.

उर्दूत माफी म्हणजे माफी, कसलीही. मराठीत तरी काय वेगळं आहे? मी भाषेचा मास्तर.

आणि मग त्या वहीतलं वाक्य माझ्या डोळ्यांपुढं आलं. 'मलाच लाज वाटत हुती.' व्यापाऱ्याच्या पोरानं गरीब म्हणून अर्ज केला, याची लाज. त्याला वाटलं, मला त्याची गरिबी कळली म्हणून मी तोंड फिरवलं. माझ्यासारख्या, लहानपणी वार लावून जेवलेल्या, मास्तराच्या पोरानं!

"काय लिहिलंय सर?" बाईंनी टाक दौतीत बुडवला होता.

जे झालं ते सांगायचं तर सगळंच सांगितलं पाहिजे. माझी पहिली बुद्धी चांगली नव्हती. हे अक्षर लागणारा माणूस या घरात एकटा मी होतो. हैदराबादचे मुन्शी वारले होते. 'माफी मंजूर' एवढं वाचलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं, कागदावर ते होतंच. बाईंनी लिहिलं असतं, कागद पुन्हा बस्त्यात गेला असता, आणि पुस्तकात उमरग्याचा कापडवाला जसाच्या तसा राहिला असता. मी तोंड उघडलं. तोंडातून पहिला शब्द 'माफी'च निघाला आणि बाईंनी तो लिहिलासुद्धा.

"थांबा," मी म्हणालो. "खोडा ते. फी-माफी. फी-माफीची यादी आहे ही."

त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे शरणबसप्पांनी जी माफी म्हटली…"

"हो. तीच."

"ती मला माफीनाम्याची वाटली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणूनच तुम्हाला कागद पूर्ण वाचला का असं विचारलं. त्यांच्यासारखा माणूस माफी मागेल असं वाटत नव्हतं." मग थांबून म्हणाल्या, "पण त्यांनी काय म्हटलंय ते तुम्हाला कसं माहीत?"

माझे कान तापले. विमल दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. बाईंनी वही जवळ ओढली, कडा सारख्या केल्या आणि नियमाबद्दल एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या जबानीतलं ते वाक्य," त्या म्हणाल्या. "सही झालेलं पान खोडता येत नाही. खाली पुरवणी जोडता येते. काय लिहू?"

"आत्ता काही लिहू नका. मी उमरग्याला जाऊन येतो."

अकराच्या गाडीनं निघालो. जळकोटपर्यंत मी माफी कशी मागायची त्याची वाक्यं जुळवत होतो. पुढं ती सगळी मोडली. संशय माझी पाठ तिथंही सोडेना. वाटायला लागलं, त्याला ठाऊक असणारच. तेरा वर्षं मी गावोगाव ओरडत फिरलो, ते त्याच्या कानावर आलं नसेल? आलं असेल आणि त्यानं मनात ठेवलं असेल. मला बघताच तो दुकानातून हाकलून देईल. देऊ दे, असंही वाटलं.

दुकान मोठं नव्हतं. दोन फळ्यांवर लुगडी, एका बाजूला खणांचे तागे. गादीवर बसलेल्या माणसाचे केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यानं आधी गिऱ्हाईक समजून कानडीत "बर्री, कूत्कोरी" म्हणत बसायला जागा दाखवली. मग नीट पाहिलं. हातातला गज खाली ठेवला.

"गोपाळ न्हवं का तुमी?"

मला तो तुम्ही म्हणाला. मी मान हलवली. त्यानं आत हाक मारली, "गिरिजा, तुळजापूरचे मास्तर आल्यात," आणि त्याची बायको गिरिजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्याकडं बघून ती हसली. म्हणजे यांना काही माहीत नव्हतं. मला त्याच्या रागाची भीती वाटत होती, पण त्या हसण्यानं मी जास्त घाबरलो.

"त्या बाई तुमच्याकडं बी आल्या असतील," तो म्हणाला. "म्या सांगितलं त्यांना सगळं. माफीच्या अर्जाचं बी सांगितलं. आता ह्या वयात कशाची लाज? त्या साली अप्पांचं दुकान बसलं हुतं. मुंबईचा माल आगीत गेला. घरी सांगायची सोय न्हवती अन् तुमाला सांगायचं धाडस न्हवतं. अप्पांना न सांगताच अर्ज टाकला."

"शरणबसप्पा," मी म्हणालो, "बोर्डावर मला फी दिसलीच नाही. वर दुसरा कागद होता. मला नुसतं माफी मंजूर दिसलं."

"मंग?"

"मला वाटलं, गाण्याबद्दल माफी मागितलीस. माफीनामा दिलास."

त्याला समजायला वेळ लागला. कपाळावर आठ्या आल्या, मग गेल्या. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही.

"म्हणून बोलला न्हाईस?" तो तू म्हणाला. "पत्रं वापस केलीस ते ह्यासाठी?"

"हो."

"अरे, तुझ्याशेजारी उभा राहून म्हटलं की म्या गाणं. एकदा इचारायचं तरी."

निम्मं सांगून उठणं बरं नव्हतं. म्हणून उरलेलंही सांगितलं. भाषणं, पंधरा ऑगस्ट, उमरग्याचा कापडवाला. नाव घेत नव्हतो हेही सांगितलं, जणू त्यात माझा काही मोठेपणा होता. गिरिजाबाई तांब्या हातात धरून तशीच उभी होती.

"तरीच," ती नवऱ्याला म्हणाली. "झेंड्याच्या दिवशी समदी पेठ बोलावत्यात, तुमाला कोण बोलावत न्हाई."

शरणबसप्पानं तिला हातानं थांबवलं. तो दुसऱ्याच कशात तरी गुंतला होता. "कधीपासून सांगतोस हे?"

"पन्नास सालापासून. पहिलं भाषण नळदुर्गला केलं."

"पन्नास," तो म्हणाला. "पन्नासलाच पावसाळ्यात अप्पा नळदुर्गच्या बाजाराला गेले हुते. आले अन् माझ्या पंक्तीला जेवायचे बंद झाले. म्या इचारलं तर एवढंच म्हणले, तू माझं नाव घालवलंस. मला वाटलं, कुणीतरी फीच्या अर्जाचं सांगितलं. माणिकप्पाच्या पोरानं गरीब म्हणून लिहून दिलं, त्याचा राग. म्या पाय धरले त्यांचे. म्हणलं, व्हय अप्पा, अर्ज केला, चुकलं माझं." तो थांबला. "ऐकतोस न्हवं? चुकलं म्हणलो म्या. अर्ज केला म्हणलो. त्यांना वाटलं, कबूल झाला."

मी गादीची कड घट्ट धरून बसलो होतो.

"चार वर्षं जगले त्याच्यानंतर. शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. गिरिजा पाजायची." त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेतला असता. "पुस्तकात तू दुरुस्त करशील, गोपाळ. भाषणात बी करशील, मला ठाऊक हाय. माझ्या अप्पाला कोण सांगणार?"

मी बसून राहिलो. एक बाई खण बघायला आली, तिला त्यानं तीन तागे उलगडून दाखवले आणि गजानं मोजून खण कापून दिला.